पाहुण्यांसाठी हलवलेली डिस्क

टेंभुर्णीच्या शाळेतले कॉम्प्युटर भंगारात निघणार असं कळलं तेव्हा मी आधी पत्रक काढलं. मला तेच येतं. 'मुलींचा संगणक कक्ष वाचवा!' असा जाड मथळा आणि खाली मागण्या. बाजाराच्या दिवशी उभी राहून वाटलं. अर्ध्या लोकांनी मथळासुद्धा न वाचता खिशात कोंबलं.

मुख्याध्यापकांनी मात्र वाचलं. म्हणाले, "ताई, मशीन चालू व्हायलाच तासभर लावतंय. पत्रक वाटून ते पळणार हाय का? भंगारात काय काढायचं ते ठरवणाऱ्या समितीचे साहेब येऊन राह्यले. त्यांच्यासमोर चालवून दाखवा, मंग ठेवू."

बरं, चालवून दाखवू. पोरांना जालन्याच्या क्लासला पाठवणारे बाप पोरींना एसटीत बसू देत नाहीत. 'शाळेत हाय ना कॉम्प्युटर, तिथंच शिक,' म्हणतात. ती खोली गेली की पोरींचं शिकणं गेलं. कुणाला हे समजावून सांगावं लागतं, याचाच मला संताप येतो.

मी कॉम्प्युटरचा डिप्लोमा केलाय. मशीन मेलेली नव्हती, फक्त त्यांच्यावर नको तेवढं ओझं होतं. मी आणि पोरींनी मिळून विंडोजच्या जागी लिनक्स ही फुकटची सिस्टिम टाकली आणि तिचं कर्नेल स्वतः बांधायला घेतलं. कर्नेल म्हणजे सगळ्याच्या खाली बसून मशीन हाकणारा प्रोग्राम. तयार मिळतो तो जगातल्या सगळ्या मशीनांवर चालावा असा बांधलेला असतो. आम्हाला तो फक्त या खोलीपुरता हवा होता. कॅमेरा नाही, ब्लूटूथ नाही, मग त्यांना चालवणारे प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, कशाला? काढले. मग कंपाइलरला, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला, एक ऑप्शन दिला: ज्या मशीनवर बसलायस त्याच्याच प्रोसेसरसाठी बांध.

नववीतली एक पोरगी सारखी माझ्या खुर्चीमागे उभी असायची. घरी मेंढरं, बोलणं तिखट. तिनं विचारलं, "म्हंजी मापाचा ब्लाउज शिवल्यावानी?"

"तसंच समज."

"मंग दुसरीला बसायचा न्हाई."

"न्हाई बसणार."

वेग वाढवायचा सगळ्यात जोरकस ऑप्शनही देऊन पाहिला. कर्नेल फुगलं, वेग काही वाढला नाही, म्हणून मागे आलो. खरं सांगायचं तर जास्त फरक ड्रायव्हर काढल्यानं पडला, ऑप्शननं थोडा. पण थोडा कुणाला नको होता? मध्ये लाइट जायची. आली की पोरगी पुन्हा तीच कमांड मारायची आणि काम जिथं थांबलं तिथून पुढं सरकायचं. शेवटी मशीन चालू झालं तेव्हा ती ओरडली, "ताई, हे तर बसायच्या आत उठलं!"

समिती यायच्या आदल्या दिवशी, ज्या मशीनच्या डिस्कवर आमचं कर्नेल होतं त्याच्या डब्यावर मी ठळक अक्षरांत कागद चिकटवला: 'ही डिस्क याच मशीनमध्ये चालेल. हलवू नये.' मुख्याध्यापक सरांना तोंडीही सांगितलं. ते म्हणाले, "हो हो, बराबर."

सकाळी गेले तर डबा उघडा. आत डिस्क नाही. कागद केराच्या टोपलीत.

डिस्क सरांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरमध्ये बसवली होती. तो बाहेरून चकचकीत काळा, समोर निळा दिवा, वर भरतकामाचा रुमाल. आतला प्रोसेसर मात्र आमच्या धुळकट डब्यांतल्या प्रोसेसरपेक्षाही जुना. कधीतरी नुसतं खोकं बदलून घेतलं होतं.

"सर, हे काय केलंत?"

"साहेबापुढं ती डबडी मांडू का? तुमच्या घरी पाहुणे आल्यावर पोचे पडलेल्या ताटात वाढता का तुम्ही?"

तेवढ्यात साहेब आले. हार, नारळ, टाळ्या. सरांनी स्वतः बटण दाबलं. निळा दिवा लागला, काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी उमटल्या आणि तिथंच थिजलं. आमच्या प्रोसेसरला कळणाऱ्या सूचना या जुन्याला कळतच नव्हत्या.

"हेच का ते?" साहेब म्हणाले.

मी सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "मॅडम, चालतं का न्हाई, एवढंच बोला."

"इथं न्हाई. शेजारच्या खोलीत चालतं. डिस्क तिकडं लावते, या ना तिकडं."

"साहेब, जेवण थंड होऊन राह्यलं," सर म्हणाले.

साहेबांनी उभ्या उभ्या 'निरुपयोगी' लिहून सही केली आणि वांग्याच्या भाजीकडे गेले.

मी डिस्क काढून पुन्हा आमच्या मशीनमध्ये लावली. स्क्रू त्या पोरीनं घट्ट केले. मशीन झटक्यात सुरू झालं. सर हात पुसत दारात आले, बघत राहिले.

"चालतंय की हो ताई."

"मग बोलवा साहेबांना."

"आता सही झाली. एवढ्या मोठ्या माणसाला जेवणावरून कसं उठवायचं?"

माणूस वाईट नव्हता, हेच जास्त चिडवतं. वाईट असता तर त्याच्या नावानं पत्रक काढलं असतं. पाहुण्याला चांगलं ते दाखवायचं, एवढंच त्याला माहीत होतं. आणि चांगलं म्हणजे चकचकीत.

टेम्पो आला, डबे गेले. भंगारवाल्याकडून ती एक डिस्क मी भांडून घेतली. त्या खोलीत आता कार्यक्रमाच्या खुर्च्या रचून ठेवतात. सरांचा काळा डबा रुमालाखाली शाबूत आहे.

डिस्क माझ्या पिशवीत असते. तसल्याच प्रोसेसरचं मशीन मिळालं तर लगेच चालेल. अजून कुणी दिलं नाही. गावात गेले की ती पोरगी स्टँडवर गाठते.

"घावलं का मशीन, ताई?"

पत्रकाच्या शेवटी मी नेहमी लिहिते, 'लढा चालू आहे.' तिच्या तोंडावर मला ते म्हणवत नाही. "न्हाई गं," एवढंच म्हणते. ती मान हलवते आणि मेंढरांमागं निघून जाते.