दिवा कोणासाठी होता

उभी नोकरी मी कणकवलीच्या शाळेत केली. त्यातला बराचसा काळ परीक्षेच्या वर्गात मुलांच्या हातांकडे बघण्यात गेला, त्यामुळे संशय आता माझ्या अंगातच मुरलाय. बायको म्हणते, तुम्ही नारळ पाडायला आलेल्या माणसाकडेसुद्धा कॉपी करणाऱ्या पोराकडे बघावं तसं बघता. म्हणू दे.

निवृत्त होऊन गावी आलो, खाडीच्या तोंडाशी, आणि देवस्थान समितीने लगेच एक काम माझ्या गळ्यात घातलं. एकाहत्तरच्या लढाईत आपला गाव कसा जगला ते म्हाताऱ्यांना विचारायचं, लिहायचं आणि जत्रेत देवीच्या मंडपात फलकांवर लावायचं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांचा असेन. खिडक्यांना ठोकलेलं गोणपाट आणि आजोबांची शिट्टी एवढंच माझ्या लक्षात होतं. समुद्रावरून उजेड दिसू नये म्हणून गावात दिवाबंदी होती आणि रात्रीच्या गस्तीचे मुख्य होते आजोबा. रात्री कोणी होडी घालायची नाही, हेही त्यांनीच गावाला बजावलं होतं.

मी मोबाईल घेऊन घरोघर फिरू लागलो. लोकांनी मला खुर्ची दिली, सोलकढी दिली आणि माहिती मात्र चिमटीने दिली. एकाने विचारलं, "ह्या कशाक होया तुका? रस्तो जाताहा काय हंयसून?" दुसऱ्याला खात्री होती की मी कुठल्या तरी रिसॉर्टवाल्यासाठी जमिनी हेरतोय. मोबाईल तर सगळ्यांनीच आधी बंद करायला लावला. मला राग यायचा. ज्यांच्या पोरांना मी शिकवलं तेच माझ्याकडे तलाठ्याकडे बघावं तसं बघत होते.

नौदलातल्या मुलांच्या गोष्टी मिळाल्या, रॉकेलसाठी लावलेल्या रांगा मिळाल्या. समितीला मात्र हवी होती ती दिव्याची गोष्ट. दिवाबंदीत किनाऱ्यावरच्या एका तांडेलाच्या, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाच्या घरात, समुद्राच्या बाजूच्या कोनाड्यात, गस्तवाल्यांना दिवा दिसला. शत्रूला खूण करतात म्हणून बोभाटा झाला. मालवणहून पोलीस आले, चौकशी करून गेले, त्यांना काहीच सापडलं नाही. पण गावाने देवीला कौल लावला, आणि कौल त्या घराच्या विरुद्ध गेला. पालखीपुढे दिवटी धरण्याचा मान पिढ्यान् पिढ्या त्या घराकडे होता. तो काढून आमच्या घराला दिला. आजोबांनंतर वडिलांनी ती दिवटी धरली, आता मी धरतो. मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

"आपल्या गावान हेर पकडललो," समितीचा अध्यक्ष खुशीत म्हणाला. "ता पयल्या फलकार लावया."

पण मला काही तरी खटकत होतं. ज्याला विचारावं तो एकच वाक्य सांगे, "दिवो लावललो, देवीन सांगितल्यान." पुढे गप्प. चार उत्तरपत्रिकांत एकच चूक एकाच जागी सापडली की मास्तराला कळतं, हे कोणीतरी पढवलेलं आहे. शिवाय हे सांगताना जो तो माझ्या तोंडाकडे बघून मग जमिनीकडे बघायचा.

मला पहिला संशय आला तो गावकारांचा. गावाच्या वतीने देवीपुढे गाऱ्हाणं घालतात ते हे गावकार. तरुणपणी ते गस्तीत होते, दिवा पहिल्यांदा त्यांनीच पाहिला होता. मी विचारलं तर म्हणाले, "मास्तर, ता दिव्याचा फलकार लावू नको."

"कित्याक?"

"नको म्हटला मा."

यांनीच काहीतरी भानगड केलीय आणि आता झाकताहेत, असं मी मनात पक्कं करून टाकलं.

त्या तांडेलाच्या घरात आता त्याची मुलगी एकटीच राहते. लग्न ठरलं होतं, ते त्या कौलानंतर मोडलं. जन्मभर तिने मासे विकले. माझ्या घरी कधी टोपली घेऊन आली नाही, याचा मी कधी विचार केला नव्हता. पहिल्या दोन खेपांना तिने मला दारातूनच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला ती अंगणात सुकवलेले बांगडे उलटत होती. मी मोबाईल खिशातून काढलाच नाही. काय विचारावं हेही सुचत नव्हतं. समोरच तो कोनाडा होता, काजळीने काळा झालेला.

"काकी, हो दिवो कोणासाठी लावीत?"

"दर्यात गेल्या होडयेसाठी. होडी येय्सर इजवूचो नसता."

"पण तेव्हा रातचो कोण दर्यात जाय नव्हतो."

तिने बांगडा हातातच धरला आणि माझ्याकडे पाहिलं. "तुज्या आज्याची होडी जाय होती. मासळेचो भाव दुप्पट झाललो मा. माजो बापूस तिच्यार तांडेल. खंय बोलूचा नाय म्हणान तुज्या आज्यान शपथ घातल्यान. मगे माज्या आवशीन दिवो कसो इजवूचो?"

कौलाचं काय, असं तोंडातून निघून गेलं.

"देवीक इतक्याच इचारल्यानी, दिवो लावललो की नाय. लावललो तो. देवी खोटा कशाक सांगात? कोणासाठी ता कोणी इचारूक नाय." पुन्हा बांगडे उलटत ती म्हणाली, "माका पैसे नको, फलक नको. मराच्या आदी आमची दिवटी होयी."

घरी येताना मला आजोबांची भयंकर चीड आली आणि लाजही वाटली. ज्यांनी गावाला अंधारात बसवलं त्यांचीच होडी बाहेर होती, आणि कौल लागला तेव्हा ते पहिल्या रांगेत गप्प बसले होते. गाव माझ्याशी का बोलत नव्हता तेही आता कळलं. रस्ता नाही, रिसॉर्ट नाही. मी कोणाच्या घरातला, एवढंच त्यांनी पाहिलं होतं.

मी फलक लिहिला आणि गावकारांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "लावू नको. लोक तुज्याशी नाय, तिच्याशी भांडतले." मी तणतणत उठलो. म्हातारा शेवटपर्यंत झाकणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

जत्रेच्या संध्याकाळी फलक लागले, दिव्याचा सोडून; तो लावायचा मलाच धीर झाला नाही. पालखी निघायच्या आधी गावकार गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. दिवटी माझ्या हातात होती. काकी बाहेर, चपलांच्या ढिगाजवळ उभी होती, दरवर्षीसारखी.

"बा देवी म्हाराजा, गावच्या लेकराबाळांका सुखी ठेव."

"होय म्हाराजा," सगळा मंडप म्हणाला.

"दर्यात गेलली होडी सुखरूप परत येवंदे."

"होय म्हाराजा."

"लढायेच्या वर्सा मास्तराच्या आज्याची होडी रातची दर्यात होती, आणि तांडेलाच्या बायलेन तिच्यासाठी दिवो ठेवल्यान. त्येच्यात तिचो काय गुन्हो नव्हतो म्हाराजा."

"होय म्हाराजा," सवयीने सगळे म्हणाले. आणि मग काय म्हटलं ते एकेकाच्या ध्यानात आलं. ढोलवाल्याने हात आवरता घेतला. अध्यक्ष माझ्याकडे बघू लागला. देवीपुढे दिलेला होकार परत घेता येत नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गावकार थांबले नाहीत. "ज्येची दिवटी त्येच्या घराक जावंदे म्हाराजा."

यावेळी सगळे माझी वाट बघत होते.

"होय म्हाराजा," मी म्हणालो. मागून हळूहळू बाकीचे आवाज आले.

मी चपलांच्या ढिगापर्यंत गेलो आणि दिवटी तिच्यापुढे धरली. तिने हात पुढे केला नाही.

"फुडल्या वर्सा परत मागशात?"

"नाय काकी."

तिने माझ्यावर विश्वास ठेवला नाही. माझ्या खांद्यावरून तिने गावकारांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली तेव्हा कुठे तिने दिवटी घेतली.