पाण्याबाहेरची जहुराबी

फकरुद्दीन नौदलात पाणबुड्यांना रेडिओवरून निरोप पाठवायचे. निवृत्त होऊन हरिहरेश्वरला घरी आले, तरी सवय सुटेना. "चहा. ओटीवर," एवढं बोलून, उत्तराची वाट न बघता ते चालू पडत.

एकदा "रविवारी पाहुणे. बिर्याणी," म्हणून ते वळले, तशी बायकोने, जहुराबीने त्यांची बाही धरली.

"ही कसली बोलायची रीत?"

"खोल पाण्यात फक्त खूप लांबीच्या रेडिओलहरी पोचतात, आणि त्यांवरून शब्द मुंगीच्या पावलांनी जातात. म्हणून थोडकंच बोलायचं. पाणबुडी ऐकते, पण तिला खालून उत्तर देता येत नाही."

"मी पाण्याबाहेर हाय! रविवारी भावाकडे जातेय, कालपासून सांगतेय. बिर्याणी तुम्हीच करा."

फकरुद्दीननी ओशाळून कृती विचारली. जहुराबीने ती दुपार सरेपर्यंत सांगितली.