हार घातलेला पियानोवाला

सिंगापूरच्या विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चष्म्यावर वाफ धरली. पुसून बघतो तर कमरेला पेजर लावलेले भाओजी. पहिलंच वाक्य, "यंदा इथल्या मराठी मंडळाचा अध्यक्ष मीच!" प्रवास कसा झाला, हे बुओना व्हिस्टाच्या फ्लॅटवर ताईनं विचारलं.

भाची मीरा पियानो शिकत होती. मंडळाच्या कार्यक्रमात तिला रॅगटाइम (डावा हात ताल धरतो, उजवा मुद्दाम अडखळत नाचतो, ते जुनं अमेरिकी संगीत) वाजवायचं होतं.

"मामा, ज्यानं ही गत रचली ना, तो बारमध्ये वाजवायचा," माझ्यापुढे कोपी (घट्ट दुधाची गोडमिट्ट कॉफी) ठेवत ती म्हणाली. "मग फॅशन बदलली. म्हातारपणी त्याची गत कुणी पूर्ण ऐकेचना. मी शेवटपर्यंत वाजवणार, लाह!" वाक्याच्या शेपटाला तिथला हा 'लाह' लागतोच.

"बार नाही, संगीतालय म्हणायचं!" भाओजी कडाडले. "आणि त्याच्यावर भाषण मी करणार आहे."

रविवारी तांजोंग पगारच्या हॉलमध्ये समई, उदबत्ती आणि पियानोवर त्या दिवंगत संगीतकाराचा म्हणून हार घातलेला फोटो. मीरा किंचाळली, "मामा, हे तर माझे सर!"

चिटणीसांनी फोटो हॉटेलच्या जाहिरातीतून कापला होता. जाहिरातीत नाव त्या संगीतकाराचं, फोटो मात्र तिथे त्याचं संगीत वाजवणाऱ्या मिस्टर टॅनचा. आणि हे टॅन प्रमुख पाहुणे म्हणून पहिल्या रांगेत, स्वतःच्या फोटोपुढची उदबत्ती बघत बसलेले!

भाओजींना आवरणार कोण? त्यांच्या भाषणात संगीतकाराच्या बेकारीचं वैराग्य झालं, दारूचं तीर्थ झालं. मग आभार. मग आभार मानणाऱ्यांचे आभार. रखवालदार किल्ल्या वाजवू लागला.

"वेळेअभावी मीराचं वादन रद्द," भाओजींनी जाहीर केलं. पोरीचे डोळे भरले. अस्सा संताप आला मला!

मिस्टर टॅन शांतपणे उठले. फोटोचा हार काढून त्यांनी स्वतःच्या गळ्यात घातला आणि रखवालदाराला इंग्रजीत म्हणाले, "मी तर मेलोय, लाह. मेलेल्याला कसली घाई? वाजव, मीरा."

रखवालदार खो खो हसला आणि खुर्ची ओढून बसला. मीरा दोनदा चुकली, पण शेवटपर्यंत वाजवलं. टाळ्या सगळ्यात आधी रखवालदाराच्या.

परतताना विमानतळावर भाओजींनी विचारलं, "भाषण कसं झालं?"

हार घातला की त्या माणसाचं ऐकायची जबाबदारी संपते, असं आपल्या लोकांना वाटतं. मी म्हटलं, "भाओजी, मी गेलो तर माझ्या फोटोला हार तेवढा घालू नका. मला बोलायचं असेल."