लोपीसबाईंची न झालेली चूक

फिलोमिना लोपीस यांना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा त्या एका चित्राकडे बघत बसल्या होत्या. अर्ध्या तासानं मी मुलाखत देऊन बाहेर आलो, तरी त्या त्याच चित्राकडे बघत होत्या. इथं आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओत त्या चेकर होत्या. टोकियोतल्या एका मालिकेची काही दृश्यं आमच्याकडे रेखाटायला येत आणि बाईंची सही झाल्याशिवाय ती परत पाठवायची नाहीत, असा नियम होता. या बाईंच्या हाताखाली आपलं काही खरं नाही, असं मी मनात म्हटलं. त्यांच्या साठीनिमित्तच्या या अंकात तेवढं कबूल करायला हरकत नसावी.

मी पुण्यात शिकलेला. जितकी हालचाल जास्त तितका कलाकार मोठा, अशी माझी समजूत. बाईंचं शास्त्र नेमकं उलटं. या मालिकांत एकच चित्र दोन-तीन फ्रेम तसंच थांबवतात. पात्रांना बोलायलाही तीनच तोंडं असतात: मिटलेलं, अर्धवट उघडलेलं आणि उघडं. मी याला कंजुषी म्हणालो, तेव्हा बाई म्हणाल्या, "काटकसर तर आहेच रे. पण घरात चारच जिन्नस असले की बाईचा हात कसा बसतो, ते बघितलंयस का कधी?"

चित्रातली सावली एकाच सपाट रंगाची, पण तो रंग अचूक हवा, हा त्यांचा आग्रह. एका नव्या मुलीनं सावलीत काळा भरला. बाई तिला भर दुपारी खाली तळ्याकाठी घेऊन गेल्या आणि पांढऱ्या भिंतीवरची सावली दाखवून म्हणाल्या, "आता सांग, कुठाय काळा?" सावली निळसर होती. मुलीला ऊन लागायचंच बाकी होतं, पण पुन्हा काही तिनं सावलीत काळा वापरला नाही.

बाई मूळच्या वसईच्या. माझी पत्नी अनघा आणि चार वर्षांची ईशा डिस्कव्हरी गार्डन्समधल्या आमच्या घरी राहायला आल्या, त्याच आठवड्यात बाई वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी आणि स्वतःचा जादा कुकर घेऊन दारात हजर. "घाईनं नवा कुकर घेऊ नकोस गं," त्या अनघाला म्हणाल्या, "आधी सेल लागू दे." तो कुकर आजही आमच्याकडे आहे. बाईंनी परत मागितला नाही आणि आम्हीही दिला नाही.

आता मुद्द्यावर येतो. बाईंचं कौतुक निघालं की एक किस्सा हमखास निघतो. याच अंकात तो आणखी कुणीतरी सांगितला असेल. लोपीसबाईंच्या नजरेतून उभ्या नोकरीत एकच दृश्य चुकीचं सुटलं, ते सात तोंडांच्या आईचं. सगळे प्रेमानं हसतात, बाईही हसतात. ते दृश्य माझं होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. पुढचं ठाऊक नाही.

दृश्य साधं होतं. मुलगी स्वयंपाकघरात येऊन सांगते की ती उद्या शहरात निघाली. आई एवढंच म्हणते, "डबा केलाय." मी त्या आईला सात प्रकारची तोंडं काढली, भुवया उडवल्या, मान हलवली, हात छातीशी नेला. बाई हे सगळं कापणार, याची खात्री होती. म्हणून त्या जेवायला गेल्याचं साधून मी ते परस्पर टोकियोला जाणाऱ्या फायनल फोल्डरमध्ये टाकलं. टोकियोहून सगळं परत आलं. सोबत एकच ओळ होती: चित्रातली ही बाई कोण?

आमचे लेबनीज मॅनेजर सगळ्यांना बोलावून म्हणाले, "यल्ला, कमॉन, टेल मी, हू पास्ड धिस?" मी प्रोबेशनवर होतो. नोकरी गेली असती तर व्हिसा गेला असता आणि नुकतंच मांडलेलं घर गुंडाळून परतावं लागलं असतं. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझ्या टेबलावरून गेलंय, सर." मी तोंड मिटून उभा राहिलो. त्या वर्षी सुपरवायझरची जागा बाईंना मिळेल असं सगळे धरून चालले होते. ती दुसऱ्याला मिळाली. याच कारणानं का, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

त्याच दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून एकेक चित्र बाजूला काढलं. रागावल्या नाहीत. "आई एवढी हलली असती, तर पोरगी गेलीच नसती रे," एवढंच म्हणाल्या. शेवटी उरलं ते आईचं स्थिर चित्र, तीन तोंडं आणि चहाच्या कपावरची वाफ. पुढे ते टीव्हीवर लागलं तेव्हा ईशा डोळे पुसत म्हणाली, "बाबा, शी इजन्ट इव्हन मूव्हिंग."

गेल्या महिन्यात या लेखासाठी मी उम्म अल कुवैनला बाईंच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत जे बोललो नव्हतो ते बोललो. बाई चहा गाळत होत्या. "मला ठाऊक होतं की. खलास झालं ते," म्हणाल्या. हे लिहू का, असं विचारलं. बाईंनी गाळणी झटकून बाजूला ठेवली. मग कप माझ्यापुढे सरकवला. "लिही. तोंड तुझं आहे. फार हलवू नकोस म्हणजे झालं."

म्हणून थोडक्यात लिहितो. ते दृश्य बाईंच्या टेबलावर कधी गेलंच नव्हतं. चूक माझी होती, त्यांनी ती स्वतःच्या नावावर घेतली आणि मी घेऊ दिली. बाईंची नजर आणि गुडघे शाबूत राहोत, पंच्याहत्तरीलाही त्यांनी एखाद्याला भर उन्हात सावली दाखवायला न्यावं. आणि तेव्हाच्या समारंभात तो किस्सा पुन्हा निघाला, तर त्यात नाव माझं असावं.