शेरूचं दुखणं कोणी ओळखलं

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही — घरातही नाही. जनावरांच्या दवाखान्यात माझी एकतीस वर्षं गेली आणि त्या वर्षांचा मला अभिमान आहे. कारंज्याच्या आसपास कुठल्याही गावात विचारा — म्हैस अडली की लोक अजून मलाच बोलावतात. ती कमाई खरी आहे. एक गोष्ट तेवढी माझी नाही.

शेरू हा प्रमिलाबाईंचा कुत्रा. बाई आमच्या अंगणवाडीत मदतनीस. शेरूच्या नाकावर, कानांवर पुवाचे फोड आले, खपल्या धरल्या, पंजे चिरले. मी लांबूनच म्हणालो — खरूज. सहा आठवडे खरजेची इंजेक्शनं दिली. शेरू वाळत चालला.

एक दिवस बाई म्हणाल्या, "भाऊ, खरूज असती तं याच्या अंगाले लागून झोपते त्या कुत्रीले नसती झाली काय? मले हे येगळंच वाटून राह्यलं."

"डॉक्टर तुमी आहा का मी?" मी म्हणालो — चार माणसांसमोर. आणि खरं सांगू? डॉक्टर मीही नव्हतो. पशुधन पर्यवेक्षक होतो.

बाई शेरूला चादरीत गुंडाळून ऑटोनं अकोल्याला घेऊन गेल्या. तिथं कातडीचा तुकडा तपासला. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटली होती — खरूज नव्हतीच. तपासणीचा कागद त्यांनी माझ्याच हातात आणून दिला. तिथल्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बेतानं कमी करत न्यायच्या होत्या. गावात दुसरं कोण होतं? ते काम मी चोख केलं, हेही सांगतो. पाच महिन्यांत शेरूच्या अंगावर केस आले.

गावात बोलणं झालं — भाऊनं मेलेलं कुत्रं उठवलं. मी नाही म्हणालो नाही. माझ्या निरोप समारंभात सरपंचांनी तेच सांगितलं. बाई तिसऱ्या रांगेत होत्या. मी त्यांच्याकडे पाहिलं — आणि शाल खांद्यावर घेतली.

पुढं तसली आणखी दोन कुत्री मी बघताक्षणी ओळखली. त्याचा अभिमान मी लपवत नाही. पण बघायला शिकवलं कोणी?

निवृत्तीनंतरही मी दवाखान्यात जाऊन बसतो. गेल्या महिन्यात नव्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "पहिल्यांदा तुम्ही कसं ओळखलं?"

"अनुभव," मी म्हणालो.

प्रमिलाबाई तेव्हा दारात शेळी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं — आणि शेळी पुढं केली.