चार हात गवत आणि करवंदांची जाळी

"करवंदं पिकलीत. बारीक हायत यंदा, पण गोड हायत," असा मामीचा फोन आला आणि मी मानकोलीच्या गोदामातल्या बिलिंगच्या खुर्चीवरून उडालेच. शनिवारी हाफ डे टाकला, कोनच्या घरून स्कूटी काढली. चाळिशीच्या बाईने करवंदांसाठी इतकं हुरळू नये, असं नवऱ्याचं मत आहे. असू दे.

जाणाऱ्यांसाठी रस्ता सांगते: कोनहून रांजणोली नाका, तिथून नाशिकचा हायवे, वडप्याला आत वळा. अंतर थोडंच, पण कंटेनरांमागे तासभर धरा. वाटेत साठ रुपयांची मिसळ खाल्ली, तर्रीने कान गरम झाले. पाणी मात्र घरूनच न्या. गोदामांची रांग संपली की मामाचं गाव आणि त्याच्या पाठीला टेकडी.

मे महिन्यात टेकडी हिरवी नसतेच, पण इतकी पिवळी मी कधी पाहिली नव्हती. मामा म्हणाला, पाऊस आधी भरपूर पडला आणि लवकर गेला. कमरेएवढं वाढलेलं गवत उभ्या उभ्या वाळलं, चैत्रापासूनच्या उन्हाने त्याचं सरपण केलं. ऐनाच्या झाडांची पानं पायाखाली पापडासारखी वाजत होती. केवळ त्या आवाजासाठी मी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे राब भाजायचा होता. म्हणजे भाताचं रोप जिथे टाकायचं, त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत पसरून जाळायचं. पहाटेच का? तर दवाने आजूबाजूचं गवत ओलसर असतं, आग पळत नाही. यंदा दवच पडत नव्हतं, म्हणून मामी बांधाच्या वर, टेकडीच्या पायथ्याशी, फावड्याने गवत तासून उघड्या मातीचा पट्टा करत होती. पट्ट्यापलीकडे तिच्या करवंदांच्या जाळ्या. करवंदं विकून ती दर उन्हाळ्यात स्वतःपुरती साडी घेते.

शेवटचा तुकडा तिने मला दिला. मी जोशात सुरुवात केली, हाताला फोडही आला, त्याचा फोटोही काढला. मग समोर काळीभोर करवंदं दिसली. चार हात गवत राहिलं होतं. तेवढ्याने काय होतंय म्हणत मी फावडं टाकलं आणि ओठ चिकट होईस्तोवर करवंदं खाल्ली.

पहाटे मामाने राब पेटवला. धुराचा तो वास मला इतका आवडतो की मी बांधावर नाचत होते. तेवढ्यात वारा फिरला. एक ठिणगी बांधावर पडली, गवत चरचर पेटलं, आग पट्ट्यापर्यंत आली आणि मातीपाशी थांबली. मी टाळ्या वाजवणार, तोच ती कडेने सरकली आणि नेमकी मी सोडलेल्या चार हात गवतातून पलीकडे गेली.

मामी भिजवलेली गोणपाटं घेऊन धावली. तिघांनी आग झोडपली. कोपरापर्यंत काळी झाले, पापण्या पोळल्या. विझली तेव्हा एक जाळी जळून गेली होती, बाकी सगळ्या वाचल्या. मामाने विचारलं, पट्टा कुणी सोडला? मी तोंड उघडायच्या आत मामी म्हणाली, "मीच. कंबर भरली व्हती." मी ते तसंच चालू दिलं, आणि याची मला खरोखर लाज वाटते.

निघताना मामीने डबाभर करवंदं दिली. घरी नवऱ्याने अर्धी संपवली आणि माझ्या हुरळण्याबद्दल पुन्हा ब्र काढला नाही. मला मात्र गोड लागेनात. शेवटी मामाला फोन लावला आणि सांगून टाकलं, ते गवत माझं होतं.

"म्हायती हाय," मामा म्हणाला. "तुझी मामी उभ्या जन्मात कोपरा सोडायची न्हाय."

मग मागून मामीचा आवाज आला, "तिला सांग, पुढच्या वर्षी तोच तुकडा तिचा. आधी तासायचा, मंग खायचं."

मी लगेच नवं फावडं घेऊन आले. ते आता कोनच्या फ्लॅटमध्ये दाराआड उभं आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, हे कशाला?