चांदपाशाची फ्रान्सची रुखसत

मोगलाईतल्या औरंगाबादेत गिरणीच्या फाटकासमोर नूरमोहम्मदचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणायचं आपलं. चार बाकडी, एक शेगडी आणि वर पत्रा. पण हैदराबादेहून येणारं उर्दू वर्तमानपत्र तिथं मोठ्यानं वाचलं जायचं, आणि वाचता वाचता नूरमोहम्मद स्वतःच्या पदरचंही घालायचा. म्हणून छत्तीस सालच्या पावसाळ्यात त्यानं ती बातमी वाचली तेव्हा कुणाचा विश्वासच बसेना. फ्रान्स नावाच्या मुलखात म्हणे कामगारांना वर्षाला पंधरा दिवसांची रुखसत, म्हणजे रजा, मिळणार होती, आणि तीही भरपगारी!

"घरी बसायचा पगार?" कडूबा विणकर म्हणाला. "आज चहात काय घातलंस रं?"

मग मुलखामुलखांची झाडाझडती सुरू झाली. रशियात ही चैन आधीपासून आहे म्हणे. विलायतेत अजून भांडण चाललंय. मुंबईच्या गिरण्यांत मात्र आपल्यासारखंच, गैरहजर राहिला की पगार कापला. हे ऐकून सगळ्यांना जरा बरं वाटलं. निजामाच्या राज्यात कचेरीतल्या कारकुनाला रुखसत होती. माग चालवणाऱ्याला शुक्रवार सोडून काही नाही. गावी जाऊन राहावं तर मागावर बदली माणूस उभा राहायचा, आणि एकदा उभा राहिला की तो काही हलायचा नाही.

चांदपाशा तेवढा गप्प होता. मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेला हा गडी घरातही ओरडून बोलायचा, बायको रईसा कानावर हात ठेवून म्हणायची, "मी माग नाय, माणूस हाय!" असा माणूस गप्प बसला म्हटल्यावर कडूबानं त्याला कोपरानं ढोसलं.

"मला अम्मीजवळ राहायचंय," चांदपाशा म्हणाला. "आठवडाभर. बस."

त्याची आई राहतबी देवगाव रंगारीला एकटी राहायची. शहरात यायला ती तयार नव्हती, आणि चांदपाशा गुरुवारी रात्री जाऊन शुक्रवारी दुपारची मोटार गाठायचा. दर वेळी आई अधिक वाकलेली दिसायची.

"फ्रान्सचं सरकार काय इथं येत नाय," कडूबा म्हणाला. "आपणच सरकार होऊ."

त्याची युक्ती सोपी होती. मजुरी कापडावर मिळायची, आणि ज्याच्या मागावरचं कापड त्याच्या नावावर ती पडायची. कडूबा आणि शेजारचा गडी मिळून चांदपाशाचे माग चालवतील. पोळ्याला कडूबा गावी जाईल तेव्हा चांदपाशा त्याचे धरील. मुकादमाला पान खिलवलं, तेव्हा त्यालाही त्या बाजूचं दिसेनासं झालं.

तर अशी ही भरपगारी रुखसत घेऊन चांदपाशा गुरुवारी रात्री देवगावला पोचला. आईनं अंबाडीची भाजी केली, गरम भाकऱ्या वाढल्या. शुक्रवारी तो निघाला नाही. शनिवारीही निघाला नाही. रविवारी आई त्याच्याकडे टक लावून पाहू लागली.

"सच बोल. गिरणीतनं काढलं ना तुला?"

चांदपाशा खो खो हसला आणि त्यानं फ्रान्सपासून सगळं सांगितलं.

"हे फ्रान्स कंच्या तालुक्यात हाय?"

"समुद्राच्या पल्याड, अम्मी."

"मग त्याचा कायदा तुला कसा लागू? राबणार कडूबा अन पगार तुला? मायपुढं असं खोटं बोलू नाय."

सोमवारी सकाळीच ती गावचे मोठे जमीनदार नानासाहेब यांच्या दारात जाऊन उभी राहिली. पोराची नोकरी गेलीय, बिचारा लाजेनं सांगत नाही, त्याला काही काम द्या, म्हणाली. नानासाहेबांची कपाशी तणानं भरली होती. त्यांनी लगेच हो म्हटलं. गावभर बातमी झाली. चांदपाशा जितका नाही म्हणे, तितकी लोकांना त्याची कीव येई. आईचा शब्द मोडवेना, म्हणून हा फ्रान्सचा पाहुणा खुरपं घेऊन मुकाट कपाशीत बसला. शेजारच्या ओळीत राहतबी. त्याच्या हाताला फोड आले, आणि आई दिवसभर हळहळत राहिली की कसं होणार माझ्या पोराचं.

गुरुवारी त्यानं पिशवी भरली.

"कुठं निघालास? अजून रान पडलंय."

"गिरणीत. माझे माग हायेत तिथं."

ती त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. "म्हंजे काम हाय? खरंच?"

"कवापासून सांगतोय!"

"मग कशाला राह्यलास इतके दिस? कुणाचं लगीन नाय, मयत नाय. मी बी चांगली हाय."

"तुझ्यासाठी, अम्मी. आणखी कशासाठी?"

राहतबीनं त्याची पिशवी बाजूला ठेवली आणि त्याला जवळ बसवलं. तिच्याकडे माणसं बाळंतपणाला बोलवायला येत, दुखण्याखुपण्याला येत, उसनं पीठ मागायला येत. नुसतं तिच्यासाठी कुणी काम सोडून राहिलेलं तिला ठाऊकच नव्हतं. तिनं त्याचे फोड आलेले हात ओढून मांडीवर घेतले आणि ती रडायला लागली.

"अन म्या तुला खुरपायला लावलं रं," ती म्हणाली. "पुढच्या बारीला काय बी करू नको. नुसता बस माझ्यापाशी."